युद्धकालीन जीपच्या बॉडीचे सुटे भाग : नाव, खूण आणि जागा

जुन्या लष्करी वाहनाच्या जीर्णोद्धारात इंजिनाचे भाग फारसे कोडे घालीत नाहीत. पिस्टन अथवा व्हाल्व्ह कोठेही सापडला तरी त्याचे कार्य त्याच्या आकारातूनच प्रकट होते. बॉडीच्या लहान भागांची स्थिती निराळी आहे. दोन छिद्रांची वाकविलेली पट्टी, बिजागरीचा एक अर्धा, पत्र्याचा त्रिकोणी आधार असे तुकडे मूळ जागेवरून सुटले की मुके होतात. एकाकी शब्दाचा अर्थ जसा वाक्यावाचून निश्चित होत नाही, तसेच या तुकड्यांचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील जीप हे या प्रश्नाचे उत्तम उदाहरण होय.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी वाहनासाठी निविदा मागविल्या. बँटम कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यानुसार पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरीलँडमधील होलाबर्ड येथे सादर केला. पुढे १९४१ मध्ये मोठ्या उत्पादनाचे काम विलिस-ओव्हरलँडकडे गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्डलाही विलिसच्याच आराखड्यानुसार जीप बांधण्याचे कंत्राट मिळाले. विलिसची ‘एम. बी.’ आणि फोर्डची ‘जी. पी. डब्ल्यू.’ मिळून सुमारे ६,४०,००० जीपगाड्या युद्धकाळात तयार झाल्या. दोन्ही कारखान्यांचे भाग परस्परांच्या गाडीस बसलेच पाहिजेत, ही सैन्याची अट होती. युद्धात जी गोष्ट सोय ठरली, तीच आज अभ्यासकाच्या अडचणीचे मूळ झाली आहे. भाग बसतो, एवढ्यावरून तो त्या गाडीचा ठरत नाही.

पहिली अडचण नावांची. या जीपच्या भागांची सैनिकी सूची ‘जी-५०३’ या गटक्रमांकाखाली प्रसिद्ध झाली. तीत विशेष्य आधी आणि विशेषणे नंतर, असा क्रम आहे. म्हणजे ‘डाव्या दिव्याचे ब्रॅकेट’ शोधावयाचे तर ते ‘ब्रॅकेट, दिव्याचे, डावे’ असे शोधावे लागते. मराठी वाक्यरचनेस सरावलेल्या वाचकाला हा क्रम उलटा वाटतो. परंतु एकाच जातीचे सर्व भाग त्यामुळे शेजारी येतात आणि तुलना सुकर होते. याहून गंभीर घोटाळा इंग्रजीच्या दोन परंपरांमुळे होतो. भारतातील कारागिरांची परिभाषा ब्रिटिश वळणाची, तर जीपची सूची अमेरिकन. आपल्याकडे ‘हूड’ म्हणजे कापडी छप्पर. सूचीतील ‘हूड’ म्हणजे आपले बॉनेट. सूचीतील ‘फेंडर’ म्हणजे आपले मडगार्ड. ‘ड्रायव्हर साइड’ हा गॅरेजमधील नित्याचा शब्दही येथे दगा देतो. भारतीय वाहनांत ती बाजू उजवी असते, युद्धकालीन जीपमध्ये डावी. कारागिराने तोंडी सांगितलेली बाजू आणि सूचीतील बाजू यांचा मेळ घातला नाही, तर उजवीकडचा भाग डावीकडच्या नावाने नोंदला जातो आणि पुढील प्रत्येक शोध चुकत जातो.

दुसरा साक्षीदार म्हणजे भागावरील खूण. फोर्डने आपल्या भागांवर, कित्येकदा बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उमटविले. विलिसच्या चौकटीचा पुढील आडवा दुवा नळीचा, तर फोर्डचा उलट्या पन्हळीच्या आकाराचा आहे. आरंभीच्या विलिस गाड्यांची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. १९४२ मध्ये तिच्या जागी फोर्डने योजिलेली, एकाच पत्र्यातून दाबून काढलेली नऊ खाचांची जाळी आली. मागील पत्र्यावर ठळकपणे उमटविलेली कंपन्यांची नावेही त्याच वर्षी बंद झाली. मात्र खूण हा निर्णायक पुरावा नव्हे. विलिसच्या बॉडी ‘अमेरिकन सेंट्रल’ ही कंपनी बनवीत असे. १९४४ च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांनाही तिच्याच बॉडी बसू लागल्या. तेव्हा पत्र्यावर ‘एफ’ नाही म्हणून गाडी फोर्डची नव्हे, अथवा एका ब्रॅकेटवर ‘एफ’ आहे म्हणून गाडी फोर्डची, हे दोन्ही निष्कर्ष सारखेच निराधार ठरतात.

तिसरा आणि बहुधा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे जागा. बॉडीखालील पन्हळीसारख्या आधारपट्ट्यांत काळा, भुसभुशीत पदार्थ सापडतो. अनेकदा तो चिखल समजून खरवडून टाकला जातो. वस्तुतः तो कुजलेल्या लाकडाचा अवशेष असतो. या पोकळ पट्ट्यांत कारखान्यातच लाकूड भरलेले असे. दिव्याच्या ब्रॅकेटवरील बिजागरी आणि पंखांचा नट निरर्थक वाटतात. पण दिवा उलट फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडण्याची ती योजना होती. बॉनेटपासून जाळीकडे जाणारी विणलेल्या तारेची पट्टी रेडिओतील खरखर थांबविण्यासाठी होती. अशा गाड्यांच्या क्रमांकापुढे ‘एस’ हे अक्षर रंगवीत. पुढील बंपरवरील उभा लोखंडी खांब सूचीत शोधूनही सापडत नाही, कारण रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारा तोडण्यासाठी तो रणभूमीवरील कार्यशाळांतच जोडला जाई.

भारतात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. १९४७ पासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे नागरी जीपचे भाग येथे विपुल झाले. युद्धकालीन गाड्यांची दुरुस्ती साहजिकच या भागांनी होत गेली. जाळीला सात खाचा असणे, मागे उघडणारे फळके असणे, इंधन भरण्याचे तोंड बॉडीच्या बाहेरील बाजूस असणे ही नागरी वाणाची लक्षणे होत. युद्धकालीन जीपमध्ये इंधनाची टाकी चालकाच्या आसनाखाली असून आसन उचलूनच ती भरावी लागे. फ्रान्समध्येही असाच संकर झाला. तेथील सैन्याने युद्धोत्तर काळात जुन्या जीपगाड्या सुट्या करून पुन्हा जुळविल्या आणि हॉचकिस कंपनीने परवान्याखाली त्याच आराखड्याची गाडी बांधली.

हस्तलिखितांच्या अभ्यासकास ही स्थिती परिचित वाटेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसमोर संमिश्र पोथ्यांचा प्रश्न होता. एका शाखेच्या पोथीत दुसऱ्या शाखेचे पाठ शिरलेले होते. तेथे एकाच पोथीवर विसंबता येत नव्हते. स्वतंत्र साक्षींचा मेळ हाच आधार होता. जीपच्या भागाविषयीही नाव, खूण आणि जागा या तिन्ही साक्षी जुळतील तेव्हाच निर्णय द्यावा. दोनच जुळल्यास तसे नोंदवावे.

तथापि या दोन कामांत एक महत्त्वाचा भेद आहे, आणि जीर्णोद्धाराची जोखीम त्यातच आहे. संपादकाने नाकारलेला पाठ तळटीपेत जिवंत राहतो. कारागिराने काढलेला भाग भंगारात जातो. ‘शुद्ध’ फोर्ड किंवा ‘शुद्ध’ विलिस घडविण्याच्या उत्साहात बुजविलेले प्रत्येक छिद्र आणि खरवडलेला प्रत्येक रंगथर हा नष्ट झालेला पाठभेद होय. एखाद्या गाडीवरील नागरी मडगार्ड अथवा हाताने ठोकलेली पट्टी तिच्या युद्धोत्तर आयुष्याची एकमेव नोंद असू शकते. म्हणून सुटा करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे जागेवरच छायाचित्र घ्यावे, सूचीतील नावाबरोबर कारागिराच्या तोंडचे नावही टिपावे, आणि बदललेला भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा. आज अनोळखी वाटणारा तुकडा उद्याच्या अभ्यासकास ओळखू येईल. परंतु त्यासाठी तो शिल्लक असावा लागेल.