नेकरची शिल्लक

राजाची तिजोरी ही राजाची खाजगी बाब, तिचा हिशेब प्रजेनें विचारूं नये, अशीच फ्रान्समध्यें पूर्वापार समजूत होती. त्यामुळें १७८१ च्या फेब्रुवारींत अर्थखात्याचा मुख्य नेकर यानें राज्याचा जमाखर्च छापून काढला, तेव्हां लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. नेकर मूळचा पेढीवाला. इंग्लंडांत हिशेब पार्लमेंटपुढें येतात म्हणूनच त्या देशास कर्ज सुलभ मिळतें, हें त्यानें बरोबर हेरलें होतें.

पण हिशेबांत दाखविली काय, तर सुमारें एक कोटी लीव्रांची शिल्लक! ती केवळ नित्याच्या बाबींची. अमेरिकेच्या युद्धाचा खर्च नैमित्तिक म्हणून बाहेर ठेवलेला. आम्हांस आंकड्यांपेक्षां ही मांडणीच अधिक फसवी वाटते. १७८७ सालीं कालोननें सरदारांच्या सभेपुढें दहा कोटींहून अधिक तूट कबूल केली. मग खरें कोणाचें? निवाडा करणारा त्रयस्थ हिशेबतपासनीस कोठेंच नव्हता.

त्याच वर्षीं धाकट्या पिटनें इंग्लंडची बहुतेक जमा एका निधींत आणली. तथापि इंग्रजांचीही फार स्तुति नको. त्यांच्या खजिन्यांत १८२६ पर्यंत खांचा पाडलेल्या काठ्या पावती म्हणून चालत. १८३४ त त्या जाळतांना पार्लमेंटचें घरच पेटलें! खर्च तपासून थेट लोकसभागृहास अहवाल देणारा स्वतंत्र अधिकारी १८६६ च्या कायद्यानें आला.

हिंदुस्थानांत १८६० सालीं जेम्स विल्सननें इंग्रजी धर्तीचें अंदाजपत्रक मांडलें खरें. पण त्यावर प्रश्न विचारणारा लोकनियुक्त सभासद त्या कौन्सिलांत एकही नव्हता.