विमान सुटायच्या आत

शुक्रवार, २७ जानेवारी २०१७. दुपारी ४:४२
पेंटागॉनमध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आदेशावर सही करतात. इराक, इराण, सीरिया, लिबिया, सोमालिया, सुदान आणि येमेनच्या नागरिकांना ९० दिवस प्रवेशबंदी. सगळ्याच निर्वासितांना १२० दिवस. सीरियाच्या निर्वासितांना तर मुदतच नाही. सही होताच अंमल सुरू. वैध व्हिसा घेऊन निघालेली कितीतरी माणसं त्या क्षणी विमानात आहेत.

संध्याकाळ
न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर एक इराकी दुभाष्या बायको आणि तीन मुलांसह उतरतो. अमेरिकी सैन्यासोबत त्याने दहा वर्षं काम केलंय, आणि तेवढ्यासाठीच त्याचा जीव इराकमध्ये धोक्यात आलाय. अधिकारी त्याला अडकवून ठेवतात. साडेआठच्या सुमारास आणखी एक इराकी उतरतो. बायको-मुलगा ह्यूस्टनमध्ये त्याची वाट बघतायत. तोही अडकतो.

वकील आलेत, पण अशिलांना भेटू देत नाहीत. मग आम्ही बोलायचं कोणाशी, असं वकील विचारतात. अधिकाऱ्याचं उत्तर पुढे दाखल झालेल्या याचिकेत नोंदलेलं आहे: प्रेसिडेंटशी. ट्रम्पना फोन करा.

रात्रभर
सव्वाशे किलोमीटरवर, न्यू हेवनला, येल लॉ स्कूलचं स्थलांतरितांसाठीचं कायदेविषयक क्लिनिक या दोघांच्या याचिकेसाठी जागं आहे. आपल्याकडे सनद हाती येईपर्यंत विद्यार्थ्याला कोर्टात अशिलाची बाजू मांडता येत नाही. तिथे पर्यवेक्षक वकिलाच्या देखरेखीखाली आणि कोर्टाच्या परवानगीने विद्यार्थी खऱ्या अशिलाचं काम चालवू शकतो. अशिलाचं म्हणणं ऐकायचं विद्यार्थ्याने, मसुदा करायचा विद्यार्थ्याने, जबाबदारी मात्र शिक्षकाची. अशा शिक्षकाला सगळ्यात जड जातं ते स्वतःचा हात आवरणं. मसुदा आपण लिहिला तर तासाभरात उरकतो. विद्यार्थ्याकडून चार वेळा लिहून घेतला तर विद्यार्थी तयार होतो. आज परत पाठवणारं विमान चौथ्या मसुद्यापर्यंत थांबणार नाही.

त्या रात्री मायकल विश्नी आणि मुनीर अहमद या प्राध्यापकांची देखरेख होती. विश्नी १९९२ साली याच लॉ स्कूलचे विद्यार्थी होते. तेव्हा प्राध्यापक हॅरॉल्ड को यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी ग्वांतानामोच्या तळावर अडकवलेल्या हैतीच्या निर्वासितांसाठी अमेरिकी सरकारवर दावा लावला होता, तोही न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या फेडरल कोर्टात. विमानतळावर धावलेल्या वकिलांची आयरॅप ही संस्थासुद्धा २००८ मध्ये येलच्याच विद्यार्थ्यांनी सुरू केलेली. आदेश आला अचानक. त्याला उत्तर देणारे हात मात्र पंचवीस वर्षं घडत होते. एका रात्रीत याचिका लिहिली गेली म्हणून कौतुक झालं ते रास्तच, पण मला त्या आधीच्या सगळ्या रात्री दिसतात, ज्यात कुणीतरी कुणाकडून तेच पान पुन्हा लिहून घेतलं होतं.

शनिवार, पहाटे साडेपाचच्या सुमारास
ब्रुकलिनच्या त्याच कोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्धची, याचिका दाखल होते. सह्यांच्या पानावर वकिलांसोबत विद्यार्थ्यांचीही नावं आहेत. याचिका दोघांच्या नावाने, पण मागणी त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी. या एका निर्णयावर पुढचं सगळं उभं आहे. नुसती दोघांची याचिका असती तर सरकारने दोघांना सोडलं असतं, आणि कोर्टापुढे प्रश्नच उरला नसता.

सकाळ
वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर दोन येमेनी भाऊ उतरतात. एक १९ वर्षांचा, दुसरा २१. मिशिगनमध्ये राहणाऱ्या वडिलांकडे निघालेले. वडील अमेरिकी नागरिक. भावांच्या म्हणण्याप्रमाणे, व्हिसा सोडत असल्याच्या कागदांवर दोघांच्या सह्या घेतल्या जातात. ते कागद काय आहेत हे समजावणारं कोणी शेजारी नसतं. दोघांना इथिओपियाच्या विमानात बसवून दिलं जातं.

दुपार
सुमारे १९ तासांनी दुभाष्या सुटतो. जे होणार म्हणून याचिका तशी लिहिली होती, तेच होतंय. बाकीचे आतच आहेत.

संध्याकाळी ६ ते ७
केनेडीवर न्यूयॉर्कच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने निषेध म्हणून प्रवासी घेणं बंद ठेवलंय. टर्मिनल ४ बाहेर निदर्शकांची गर्दी वाढते. दुसरा इराकीही त्या संध्याकाळी सुटतो.

साडेसातनंतर
ब्रुकलिन. न्यायाधीश ॲन डॉनेली यांच्यापुढे तातडीची सुनावणी. मानवी हक्कांचे वकील ली गेलर्न्ट सांगतात की याच घडीला एका सीरियन व्यक्तीला परत पाठवायच्या हालचाली चालू आहेत. त्या व्यक्तीचं भरून न येणारं नुकसान होणार नाही याची हमी न्यायाधीश सरकारी वकिलांकडे मागतात. त्यांना ती देता येत नाही.

रात्री ९ च्या आत
देशभरासाठी स्थगिती. मंजूर झालेले निर्वासित आणि वैध व्हिसाधारक यांना परत पाठवायचं नाही. आत घ्या, असं मात्र आदेशात नाही. कोर्टाबाहेर लोक जल्लोष करतात.

डलेसच्या त्या दोन भावांचं विमान केव्हाच निघून गेलं होतं. वडिलांची आणि त्यांची भेट ६ फेब्रुवारीला झाली.