इकडील सर्व क्षेम

गेल्या महिन्यात माझा मोबाईल फोन बादलीत पडला. पडला म्हणजे मीच पाडला. पण आमच्या घरी वस्तू पडल्या, फुटल्या किंवा बुडाल्या की ते त्यांनी आपण होऊन केलं असं म्हणायची पद्धत आहे. दोन दिवस फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. तिसऱ्या दिवशी तांदळाचा भात केला आणि फोन दुकानात नेला. तिथल्या पोरानं तो उघडला, नाडी पाहिल्यासारखं केलं आणि विचारलं, "काका, बॅकअप घेतला होता का?"

घरचा कर्ता माणूस गेल्यावर "विमा होता का हो?" असं ज्या सुरात विचारतात, अगदी त्याच सुरात. मी मान हलवली. चार वर्षांचा पत्रव्यवहार पाण्यात गेला. त्यात गुलाबाच्या फुलांसकट आलेली हजारभर 'सुप्रभात' होती हे खरं. पण मुलानं परदेशातल्या पहिल्या हिवाळ्यात रात्री-अपरात्री लिहिलेले चार-सहा निरोपही होते. ते मी सवडीनं पुन्हा वाचणार होतो. आपण सवडीनं वाचणार असतो तेच नेमकं बादलीत का पडतं कोण जाणे.

त्याच आठवड्यात हिनं माळा साफ करायला काढला. म्हणजे हिनं खालून सूचना दिल्या आणि मी शिडीवर चढलो. एक फुटकी समई, तीन बिनझाकणाचे डबे आणि दोन बिनडब्यांची झाकणं एवढं खाली आल्यावर हाताला काहीतरी टोचलं. तो तारेचा आकडा होता. पूर्वी प्रत्येक घरात असा आकडा खिळ्याला टांगलेला असे. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेला टोचायचं. तार भरली की ती माळ्यावर आणि खिळ्याला नवी तार. हा आमचा बॅकअप. त्याला ना वीज लागत होती ना परवलीचा शब्द. धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं लागलं.

आता मी इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. शाळेत सनावळ्यांनीच माझा पाडाव केला. पण त्या तारेशी बसलो आणि वाटलं, इतिहास म्हणजे तरी दुसरं काय आहे? कोणाच्या तरी माळ्यावरची तारच की! इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर हेच करत गावोगाव हिंडले. लोकांचे माळे, पडव्या, रुमाल धुंडाळून त्यांनी जुनी मोडी पत्रं गोळा केली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला. असे बावीस खंड झाले. पुढं पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि १९३० नंतर रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी काय होतं, तर कोणीतरी कोणाला तरी लिहिलेली पत्रं. कोणी पैसे मागतोय, कोणी पैसे नाहीत म्हणून कळवतोय. मराठी माणसाचा पत्रविषय त्यानंतर फारसा बदललेला नाही.

या पत्रांचा मायना मोठा नामी असे. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री' एवढं लिहून झाल्यावर मग उधारीची आठवण. आमच्या काळापर्यंत त्याचं 'रा. रा.' झालं, नंतर नुसतं 'श्री.' आणि आता 'हाय'. पण मायन्याच्या मागोमाग एक वाक्य मात्र शेकडो वर्षं ठाण मांडून होतं. इकडील सर्व क्षेम. राज्य जावो, घराचं छप्पर उडो, आधी इकडील सर्व क्षेम! खरी बातमी काय ती पुढं, ओळींच्या फटीतून शोधायची.

पानिपताची बातमी अशीच आली. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती पडलं ते एका सावकाराचं पत्र. त्यात लढाईचा शब्द नव्हता. दोन मोती हरवले, मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदादच नाही, एवढाच हिशेबी मजकूर. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. एक भाऊ, एक मुलगा. सावकारानं सबंध पिढीचा जमाखर्च कोरड्या चार ओळींत मांडला आणि वाचणाऱ्याला तो बरोबर कळला. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. शाळेत हे सनावळीसकट पाठ करताना मला काही वाटलं नव्हतं. आता मुलगा परगावी असल्यावर वाटतं.

त्या काळी पत्रं नेणारे जासूद पायी धावत. सामान्य माणसाचं पत्र स्वस्तात जायला मात्र थेट इंग्रजांपर्यंत थांबावं लागलं. आणि खुद्द इंग्लंडातही १८४० पर्यंत गंमतच होती. पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्यानं द्यायचे, तेही अंतराप्रमाणे. अशी एक गोष्ट सांगतात की, एका मुलीनं पोस्टमनकडून पत्र हातात घेतलं, बाहेरूनच नीट न्याहाळलं आणि पैसे नाहीत म्हणून परत केलं. बाहेरच्या खुणांवरूनच तिला क्षेम समजलं होतं! आतला कागद कोरा. या मुलीचा जन्म पुण्यात कसा झाला नाही याचं मला आश्चर्य वाटतं. अखेर रोलंड हिल नावाच्या गृहस्थानं सरकारला पटवलं की पैसे आधी घ्या, अंतर विसरा आणि एक पेनी सरसकट लावा. त्यातून १८४० च्या मे महिन्यात जगातलं पहिलं चिकटवायचं तिकीट निघालं.

आपल्याकडे १८५२ साली सिंध प्रांतात बार्टल फ्रियरनं तिकिटं काढली; हाच पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला. मग १८५४ साली देशभर एकच दर आला आणि हलकंसं पत्र अर्ध्या आण्यात कुठल्या कुठं जाऊ लागलं. १८७९ साली पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं कार्ड आलं आणि आमच्या पूर्वजांना खरा सूर सापडला. कार्डावर जागा किती, यापेक्षा त्यात किती मावतं हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता. मधला मजकूर सरळ, समासातला उभा, पत्त्याच्या डाव्या अंगाला आडवा आणि 'ता. क.' राहिलाच तर मायन्याच्या डोक्यावर उलटा. आमच्या एका आत्याचं कार्ड वाचायचं म्हणजे ते स्टिअरिंगसारखं फिरवावं लागे. शिवाय पत्र हमखास पोचायला हवं असेल तर ते तिकीट न लावता टाकावं, असं तिचं मत होतं. बैरंग पत्राचे दुप्पट पैसे वसूल करायचे असतात, म्हणून पोस्ट ते जिवापाड जपतं!

हे सगळं ठीक, पण एका पत्रानं असं काय होतं, असं तुम्ही विचाराल. गोपाळराव जोश्यांनी अमेरिकेतल्या मिशनरी लोकांना बायकोच्या शिक्षणासाठी पत्र लिहिलं. काम झालं नाही, पण ते पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आलं. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहत बसल्या असताना त्यांच्या हाती ते मासिक पडलं. दाताच्या डॉक्टरकडे जुनी मासिकं ठेवायची चाल त्या देशातही आहे, ही किती भाग्याची गोष्ट! बाईंनी घरी येऊन पत्र लिहिलं, आनंदीबाईंनी उत्तर दिलं आणि एकमेकींना कधी न पाहिलेल्या त्या दोघी मावशी-भाची झाल्या. पत्र बोटीनं जायचं, उत्तर यायला महिने लागायचे. पण त्या पत्रांतून सणवार गेले, चालीरीती गेल्या आणि आनंदीबाईंची डोकेदुखीही गेली. तिकडून औषध आलं. १८८३ साली आनंदीबाई बोटीवर चढल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. बाविसावं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कोणाकडे पाठवावी? कार्पेंटरबाईंकडे. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी त्या घराण्याच्या दफनभूमीत ती आजही आहे. ज्या नात्याची सुरुवात एका कागदानं झाली, त्या नात्यानं शेवटची जागाही दिली.

तर मी तारेवरची पत्रं एकेक करून सोडवत होतो. लग्नपत्रिकांचे हळद लागलेले कोपरे निघाले. वाईट बातमीचं मात्र एकही नाही. तसलं कार्ड वाचून लगेच फाडायची रीत होती. आणि मग अण्णांचं, माझ्या वडिलांचं, एक कार्ड आलं. ऑगस्ट १९८४. मी तेव्हा मुंबईला नोकरीत नवा आणि साहेबाला देवासारखा भिणारा. 'चि. यास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम.' पाऊस, भाताची लावणी, गाईला झालेलं वासरू. मग एक ओळ खोडलेली आणि तिच्यावर बारीक अक्षरात, 'रजा उगाच वाया घालवू नकोस. दिवाळीला भेटूच.'

हे कार्ड मी तेव्हा वाचलं होतं. खोडलेली ओळ वाचली नव्हती. खोडलेलं कोण वाचतं? ही म्हणाली, "अहो, आणा बघू इकडे." आणि खिडकीशी जाऊन, कार्ड तिरपं धरून तिनं ते एकेक अक्षर लावलं. शाई विटली की खालचं अक्षर वर येतं म्हणतात, तसंच झालं असावं. 'जमल्यास चार दिवस येऊन जा.'

अण्णांचं अक्षर एरवी टाकानं कोरल्यासारखं. त्या ओळीतला 'जा' जरा कापरा होता.

मी रजा वाया घालवली नाही. ती पुढं साठली आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसेही मिळाले. दिवाळीच्या आधी तार आली होती. ती मात्र या तारेला टोचलेली नव्हती.

त्या दिवशी माळा अर्धाच साफ झाला. चहाच्या वेळी हिला म्हटलं, फोनवर हे झालं नसतं. तिथं खोडलेलं निघून जातं आणि 'हा संदेश काढून टाकला आहे' अशी नुसती पाटी राहते. काहीतरी होतं एवढं कळतं, काय होतं ते नाही. ही म्हणाली, "आणि कागदावर चाळीस वर्षांनी कळतं. त्याचा काय उपयोग?" हिच्या प्रश्नांना मी सहसा उत्तरं देत नाही.

काळ बदलतो आहे, त्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. डेन्मार्कच्या पोस्टानं तर २०२५ संपता संपता घरोघर पत्रं वाटणंच सोडलं; चारशे वर्षांचा रिवाज होता तो. पिनकोड मात्र टिकून आहे, आणि तो १९७२ साली श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या मराठी माणसानं, संस्कृतात नाटकं लिहिणाऱ्या पंडितानं दिला, हे आठवलं की छाती जरा फुगते. हल्ली त्या सहा आकड्यांवर पत्रांऐवजी चपला आणि मिक्सर येतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेलो आणि मुलाला चार पानी पत्र लिहून टाकलं. इकडील सर्व क्षेम. पाऊस, सोसायटीची सभा, शेजारच्यांचा कुत्रा. शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली आणि खोडली. फार जोरात नाही खोडली.

अठरा दिवसांनी त्याचा नव्या फोनवर फोन आला. "बाबा, पत्र मिळालं. तुमचं अक्षर म्हणजे अजब आहे. खोडलेलं तेवढं वाचता आलं. बाकीचं काय लिहिलंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "इकडील सर्व क्षेम."