बचावपटूची वाट : हैदराबाद, मराठवाडा आणि राहुल भेके

१/८
१० सप्टेंबर २०१९, दोहा. आशियाई विजेत्या कतारला भारताने त्यांच्याच भूमीवर ०-० असे रोखले. त्या बचावफळीच्या उजव्या बाजूस एक मराठी खेळाडू होता : मुंबईचा राहुल भेके. असा बचावपटू नांदेड-लातूरकडून का येत नाही? या प्रश्नाचे काही धागे इतिहासात सापडतात.

२/८
१९४८ पर्यंत नांदेड व लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. या राज्याची राजधानी हैदराबाद ही भारतीय फुटबॉलची एक मोठी पेठ होती. सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेल्या हैदराबाद शहर पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला.

३/८
त्या संघाचा आधारस्तंभ होता बचावपटू अझीझुद्दीन. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय पथकातही तो होता. त्या काळी खेळाडूला करार नव्हे, नोकरी मिळे. पोलीस दलाचा पगार हाच फुटबॉलचा खरा आश्रयदाता.

४/८
परंतु मेलबर्नच्या महिनाभर आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, भाषावार पुनर्रचनेने हैदराबाद राज्य विभागले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पोलीस संघ आंध्र प्रदेशात राहिला. मराठी भाषकांचे एकत्र येणे न्याय्यच होते. मात्र फुटबॉलची जवळची राजधानी परराज्यात गेली. नव्या राजधानीचे, मुंबईचे, अंतर नांदेडहून जवळजवळ दुप्पट.

५/८
मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स स्पर्धा होती, कूपरेजचे मैदान होते, रेल्वे, बँका व कंपन्यांचे संघ होते. पुढे हा आश्रयही आटला. २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड हा नामांकित संघ बंद झाला. नोकरीचे युग सरत होते, कराराचे युग येत होते.

६/८
भेके (जन्म १९९०) या संधिकाळातील खेळाडू. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल आणि २०१७ पासून बेंगळुरू. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीत, आयएसएलच्या अंतिम सामन्यात, ११७ व्या मिनिटास त्याने हेडरने गोल केला. गोव्याविरुद्ध १-० असा विजय मिळवून बेंगळुरूने पहिले आयएसएल विजेतेपद पटकावले.

७/८
११ एप्रिल २०२२, रियाध. मुंबई सिटीने इराकच्या अल-कुवा अल-जविया संघावर २-१ अशी मात केली. एएफसी चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा हा पहिला विजय. निर्णायक हेडर भेकेचा. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मलेशियाविरुद्ध १-१ अशी बरोबरी साधणारा गोलही त्याचाच, आणि तो हैदराबादच्या गच्चीबावलीत!

८/८
गोल हे अशा कारकिर्दीचे अपवाद. तिचे खरे मोल न झालेल्या गोलांत असते, आणि त्यांची नोंद कोणी ठेवत नाही. बचावपटू परिपक्व व्हायला वर्षे लागतात. तेवढी वर्षे त्याला पोसणारे कोणी जवळ असावे लागते : काल पोलीस दल, आज क्लब. नांदेड-लातूरच्या मुलांत उणीव शोधण्याआधी त्यांच्यापासून असा क्लब किती कोसांवर आहे, हे मोजावे. नकाशा बदलला तेव्हा तुटलेली ही वाट नव्याने बांधणे, हे काम अद्याप शिल्लक आहे.