साखळीची उपाहारगृहे

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राज्ये, लढाया, संत आणि पंत यांविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही हॉटेलांविषयी बोलणार, हे ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. पण ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली अशी व्याख्यानमाला सुरू केली, त्यांनाच १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहाचा पेला पुढे आल्यामुळे ग्रामण्याला तोंड द्यावे लागले होते, हे आपण विसरून चालणार नाही. त्या मंडळींत टिळकही होते. माणूस कोणाच्या हातचे खातो आणि कोणाच्या शेजारी बसून खातो, यात समाजाचा जेवढा इतिहास साठलेला असतो, तेवढा कित्येक तहनाम्यांतही सापडत नाही, असे आमचे मत आहे.

पुण्यात चहाच्या पेल्यावरून वादळ उठले त्यानंतर चारच वर्षांनी, १८९४ साली, लंडनमधील पिकॅडिली रस्त्यावर जे. लायन्स आणि कंपनीने चहाचे पहिले दुकान उघडले. कंपनीमागे सॅमन आणि ग्लकस्टाइन ही तंबाखूच्या व्यापारातली घराणी होती. खाद्यपेयांच्या धंद्याला आपले नाव लावणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून जोझेफ लायन्स या नात्यातल्या गृहस्थाचे नाव पाटीवर गेले. प्रतिष्ठेची ही भानगड आपल्याकडेच असते असे नव्हे!

आता साखळी कशाला म्हणावयाचे ते आधी ठरवू. मुंबईतली इराण्याची हॉटेले पाहा. कोपऱ्यावरची जागा, संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे : एक पाहिले की सारी पाहिली. तरी ती साखळी नव्हे. ते गोत आहे. प्रत्येकाचा मालक निराळा, गल्ला निराळा, मस्का निराळा. साखळीत नाव एक, भाव एक, आणि पुष्कळदा भटारखानाही एक असतो. गिऱ्हाईक मालकाच्या तोंडाकडे पाहून आत येत नाही, पाटीकडे पाहून येते.

लायन्सच्या आधीही लंडनात चहाची दुकाने काढणारी एक पावाची कंपनी होती. लायन्सने त्या कल्पनेला शिस्त आणली. दर्शनी भाग पांढरा आणि सोनेरी, पदार्थांच्या किमती आधी जाहीर, आणि केक व पाव हॅमरस्मिथमधील कॅडबी हॉल या अवाढव्य कारखान्यातून रोज येणारे. कचेऱ्यांतून टंकलेखनाच्या कामावर नुकत्याच जाऊ लागलेल्या बायकांना दुपारी एकटीने बसून दोन घास खाता येतील अशी जागा तोवर फार थोडी होती. दारूच्या गुत्त्यात त्या जाणार नाहीत आणि मोठ्या हॉटेलचा दर त्यांना परवडणार नाही. या दुकानांनी त्यांना टेबल दिले. वाढणाऱ्या मुलीही गरीब घरच्याच. १९२०नंतरच्या दशकात त्यांना ‘निपी’, म्हणजे चपळ, हे नाव मिळाले आणि काळा झगा, पांढरा एप्रन व मोत्यासारख्या बटणांच्या दोन रांगा ही त्यांची वर्दी देशभर ओळखीची झाली. १९०९पासून निघालेली कॉर्नर हाउसेस तर मजल्यांवर मजले असलेली प्रचंड उपाहारगृहे होती. तेथे वाद्यवृंद वाजत असे.

अडीचशेच्या आसपास दुकाने, रोजचे हजारो केक, आणि प्रत्येकावर अगदी किरकोळ नफा. असा धंदा हिशेबावरच तरतो. म्हणूनच एक नवल घडले. व्यापारी कामासाठी नेमाने चालवलेला जगातला पहिला संगणक कोणा बँकेने नव्हे, या चहावाल्या कंपनीने बांधला. त्याचे नाव लिओ. १९५१ साली त्याने बेकरीच्या मालाचे मूल्यमापन केले; पुढे कोणत्या दुकानाला उद्या किती पाव लागणार हेही तोच मांडू लागला. पण यंत्राला पाव मोजता आले, तरी गिऱ्हाइकाची बदललेली आवड थोपवता आली नाही. युद्धकाळात माणसे मिळेनात म्हणून अनेक दुकानांत ‘आपले ताट आपण उचला’ ही पद्धत आली आणि निपी मागे पडली. १९५४ साली कंपनीने स्वतःच्याच कॉर्नर हाउसमध्ये विम्पी नावाचा अमेरिकी बर्गर आणला. म्हणजे आपल्या वारसदाराला तिने स्वतःच घरात घेतले. १९७०नंतरच्या दशकात कॉर्नर हाउसेस बंद झाली, आणि १९७८ साली सबंध कंपनी एका मद्यनिर्मात्या कंपनीच्या पोटात गेली.

अमेरिकेत कथा रेल्वेऐवजी मोटारीच्या रस्त्याने पुढे गेली. हॉवर्ड जॉन्सन या गृहस्थाने १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे औषधांचे एक दुकान घेतले आणि तेथे जादा स्निग्धांशाचे आइस्क्रीम विकू लागला. आइस्क्रीमचे स्वाद वाढत अठ्ठावीस झाले. हाती भांडवल नव्हते, म्हणून १९३५पासून त्याने दुसऱ्याला आपले नाव वापरण्याचा परवाना देण्यास आरंभ केला : जागा आणि पैसा तुमचा, नाव आणि माल माझा. नारिंगी छप्पर लांबून दिसले की मोटारीतली मुले ओरडू लागत. अनोळखी गावात ओळखीचे जेवण, हेच त्याने विकले. त्याच्या मध्यवर्ती भटारखान्यात १९६० साली झाक पेपॅं हा फ्रेंच बल्लव रुजू झाला. त्यासाठी त्याने केनेडींच्या व्हाइट हाउसमधली जागा नाकारली होती. राष्ट्राध्यक्षाच्या पंक्तीपेक्षा हजारो वाटसरूंची पंक्ती त्याला मोठी वाटली. आम्हांला हा माणूस फार आवडतो.

तथापि ही पंक्ती सर्वांना खुली नव्हती. १९५७च्या ऑक्टोबरात घानाचे अर्थमंत्री कोमला बेदेमा हे डेलावेअर राज्यातील डोव्हर येथे याच साखळीच्या एका उपाहारगृहात संत्र्याचा रस प्यावयास थांबले. काळ्या माणसांना येथे बसून पिता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. घाना त्याच वर्षी मार्चमध्ये स्वतंत्र झाला होता. बभ्रा झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये न्याहारीला बोलावून सारवासारव केली. छपराचा रंग, आइस्क्रीमचे स्वाद, सारे सर्वत्र एकसारखे असावे असा दंडक. माणसाला वागवावे मात्र गावच्या रूढीप्रमाणे! मंत्र्याला न्याहारी मिळाली, पण साध्या काळ्या वाटसरूला १९६४चा नागरी हक्क कायदा होईपर्यंत वाट पाहावी लागली. पंचहौदाचा चहा आठवणाऱ्या आम्ही या गोष्टीला हसू नये, हे बरे.

त्याच ऑक्टोबरच्या २७ तारखेला दिल्लीत एक निराळी घटना घडली. तिचे मूळ मुंबईत आहे. मंदीमुळे कॉफीला भाव येईना, तेव्हा देशातच पिणारे वाढवावेत म्हणून कॉफी उपकर समितीने १९३६ साली चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे कॉफी मंडळाने गावोगाव शाखा काढल्या. कोलकात्याच्या आल्बर्ट हॉलमधली १९४२ची. परंतु १९५५च्या सुमारास मंडळाने ही दुकाने गुंडाळण्याचे ठरवले आणि नोकर रस्त्यावर आले. तेव्हा कम्युनिस्ट खासदार ए. के. गोपालन यांनी त्यांना सल्ला दिला तो मोर्चा काढून थांबण्याचा नव्हता. दुकाने तुम्हीच चालवा, असे ते म्हणाले. ऑगस्ट १९५७मध्ये बंगळुरात कामगारांची पहिली सहकारी संस्था झाली, ऑक्टोबरात दिल्लीत त्यांचे पहिले इंडियन कॉफी हाउस उघडले आणि पुढल्या मार्चमध्ये त्रिशूरला. सहकाराची भाषा आपल्याला साखर कारखान्यांमुळे परिचित आहे. पण तेथे भागधारक ऊस पिकवणारा. येथे पेला उचलणाराच भागधारक झाला.

वर्दी तीच राहिली, पंख्यासारख्या तुऱ्याचा फेटाही तोच. साहेबी थाटाचा तो फेटा मालक झालेल्यांनी उतरवून ठेवला नाही, याचे आम्हांला कौतुक वाटते आणि थोडे कोडेही. तिन्ही साखळ्यांत ही एकच अशी, की तिला एक मुख्यालय नाही. प्रांतोप्रांतीच्या संस्था स्वतंत्र आहेत. त्यामुळे चवही प्रांताप्रमाणे बदलते. केरळात कटलेट आणि मसाला दोसा दोन्हींत बीट घालतात. मराठी माणूस पहिल्यांदा लाल भाजी पाहून दचकतो.

पुढची अमेरिकी कथा थोडक्यात सांगतो. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रायडेज’ निघाले. तरुण स्त्रीपुरुषांनी संध्याकाळी जमावे, पेय घ्यावे, ओळखी वाढवाव्यात, ही त्यामागची कल्पना. १९७५चे चिलीज, १९८०चे ॲपलबीज ही मागाहून आली. भिंतींवर जुन्या वस्तू टांगून जणू प्रत्येक शाखा त्याच गावची जुनी बैठक आहे असा देखावा करण्याची रीत या मंडळींत पडली. वस्तू घाऊक विकत आणलेल्या! जॉन्सनला असले ढोंग सुचले नव्हते. त्याचे छप्पर सरळ सांगत असे की मी सर्वत्र सारखाच आहे. त्याच्या मुलाच्या कारभारात काटकसर वाढली आणि चव उतरली. १९७९ साली ती साखळी एका ब्रिटिश कंपनीला विकली गेली. एके काळी हजाराच्या वर शाखा होत्या, त्यांपैकी लेक जॉर्ज येथील शेवटची २०२२ साली बंद पडली. फ्रायडेजच्या अमेरिकेतील कंपनीने २०२४ साली दिवाळखोरीचा अर्ज केला.

कॉफी हाउसांचेही सारे गोड नाही. एका पेल्यावर दोन तास बसणारे गिऱ्हाईक हे त्यांचे भूषण आणि तोच त्यांचा तोटा. दिल्लीचे कॅनॉट प्लेसमधले कॉफी हाउस आणीबाणीत, १९७६ साली, पाडण्यात आले. तेथल्या गप्पा सरकारला रुचत नव्हत्या असे पुष्कळांचे म्हणणे आहे. १९९६ साली बंगळुरात कॅफे कॉफी डे निघाले आणि कॉफी पिणाऱ्या तरुणांना थंड हवेची, गुबगुबीत खुर्च्यांची सवय लागली. तरीही आज निरनिराळ्या संस्थांची मिळून सुमारे चारशे कॉफी हाउसे चालू आहेत. तिरुवनंतपुरमच्या बस स्थानकाजवळ लॉरी बेकर यांनी बांधलेले तर विटांचे वर्तुळाकार, चढत जाणाऱ्या उतारावरचे आहे. टेबले त्या उताराच्या कडेने बांधलेली आहेत, आणि फेटेवाले वाढपी हातात ताटल्या घेऊन दिवसभर ती चढण चढत-उतरत असतात.