सिंहछाप गाडी आणि आठ मिलिमीटरची सळई

प्यूजो हे नाव आपण मोटारीवर वाचतो. फ्रान्समधल्या गृहिणीने ते मोटारीच्या कितीतरी आधी कॉफीच्या हातचक्कीवर वाचले होते. स्वित्झर्लंडच्या सीमेलगत, डूब नदीच्या मुलखात राहणाऱ्या ह्या घराण्याने १८१० साली आपल्या पिठाच्या गिरणीच्या जागी पोलादाचे काम सुरू केले. करवती, घड्याळाच्या कमानी, हत्यारे, १८४० पासून कॉफीची चक्की, १८७४ पासून मिऱ्यांची चक्की, असा त्यांचा व्याप वाढत गेला. करवतीवर मारावयाची सिंहाची छाप त्यांनी १८५८ साली नोंदवली. आमच्या करवतीचे दात सिंहाच्या दातांसारखे, असा तिचा अर्थ. मोटारीच्या नाकावर बसलेला सिंह मुळात करवतीवरचा आहे, हे ऐकून माझ्या वर्गातली मुले फार खूश होतात.

आणि योग पाहा, त्याच १८५८ साली पॅरिसमध्ये एका बव्हेरियन कारागिराच्या घरी मुलगा झाला. त्याचे नाव रुडॉल्फ डिझेल. हा मुलगा बारा वर्षांचा असताना फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात लढाई जुंपली, आणि जर्मन म्हणून ह्या कुटुंबाला पॅरिस सोडावे लागले. पुढे १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन नीट चालून दाखवले गेले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्या पद्धतीचे एक छोटे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालत होते. आपल्याकडे ज्या तेलात चकली तळावयाची, त्यावर तिकडे यंत्र फिरत होते! १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून डिझेलसाहेब रात्रीतून नाहीसे झाले. कोणी घातपात म्हणतो, कोणी आत्महत्या. कादंबरीकाराला मोह पडावा अशी ही गोष्ट आहे, पण आज आपल्याला त्यांच्या यंत्राकडे जावयाचे आहे.

मॅट्रिकच्या पुढे मी शिकलो नाही. यंत्रशास्त्र मला कोणी फळ्यावर शिकवलेले नाही. तथापि ज्याने सायकलीत हवा भरली आहे त्याला डिझेल इंजिन समजावयास हरकत नाही. पंप मारता मारता त्याचे बूड हाताला चटका देते की नाही? दाबलेली हवा तापते, एवढेच त्यातले मर्म. ह्या इंजिनात हवा दाबून तिचा सुमारे बाविसावा भाग करतात. ती इतकी तापते की तिच्यात डिझेलची बारीक फवार सोडताच भडका उडतो. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. येथे ठिणगी नाही, प्लगच्या ताराही नाहीत. थंडीच्या सकाळी आतली पोकळी गरम करण्यापुरते हीटर प्लग असतात, तेवढेच. एकदा सुरू झाले की हवा आणि डिझेल मिळेपर्यंत हे इंजिन बिचारे काही मागत नाही.

प्यूजोने १९५९ साली ४०३ ह्या आपल्या घरगुती गाडीत असे इंजिन बसवले. ती धावावयास मंद, आवाजाला खडखडीत, आणि काळा धूर सोडणारी. पण फ्रान्समध्ये डिझेलवर पेट्रोलपेक्षा कर कमी होता, आणि तेच डिझेल शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला लागत होते. शेतकरी, टॅक्सीवाले, फिरते विक्रेते, ज्यांना दिवसभर रस्त्यावर काढावा लागतो अशा माणसांनी ती घेतली. डिझेल म्हणजे बैलगाडी, ही कुजबुज थांबवण्यासाठी कंपनीने १९६५ साली ४०४ चे एक माणूस बसेल एवढेच वाहन करून पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या वर्तुळाकार मार्गावर पळवले आणि चाळीस विक्रम केले. मला स्वतःला ह्या विक्रमांपेक्षा दुसरी एक गोष्ट मोलाची वाटते. १९४६ साली, युद्धाची राख निवते न निवते तोच, फ्रान्समध्ये मोटारदुरुस्तीचे एक मासिक निघाले: रेव्ह्यू तेक्निक ओतोमोबिल. त्यात एकेक गाडी घेऊन तिचा खिळान् खिळा उलगडून दाखवलेला असे. नवी गाडी महाग, पैसा नाही, अशा देशात हे मासिक मिस्त्र्याच्या दुकानातून मालकाच्या घरापर्यंत पोचले आणि रविवारी अंगणात गाडीखाली पाठ टेकणारा गृहस्थ तयार झाला.

ह्या गृहस्थाचे ज्ञान बहुतेक कानाचे आणि नाकाचे. धूर काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणून आधी एअर फिल्टर पाहावयाचा. निळा असेल तर इंजिन ऑइल जळते आहे. सकाळी पांढरा धूर आणि अंगात थरथर असेल तर एखादा हीटर प्लग मेला आहे. त्याची तार सोडून बॅटरी आणि प्लग यांच्यामध्ये एक साधा दिवा जोडावयाचा, पेटला तर प्लग जिवंत. चार सिलिंडरांपैकी एक रुसला असेल तर कोणता, हे ओळखण्याची युक्ती तर फारच गमतीची. इंजिन संथ चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट फडक्याखाली किंचित ढिला करावयाचा. ज्याचा नट सोडल्याने इंजिनाचा ताल बिघडतो तो काम करीत होता. ज्याचा सोडूनही काही फरक पडत नाही, चोर तोच. हात मात्र पाइपापासून दूर, कारण ती फवार कातडीत शिरते आणि जखम दिसते त्याहून वाईट असते.

सगळ्यांत नेहमीचा रोग म्हणजे हवा. टाकी कोरडी पडली किंवा एखादा पाइप सैल झाला की डिझेलबरोबर हवेचा बुडबुडा पंपात शिरतो, आणि हवा दाबली जात असल्यामुळे नोझलपाशी जोरच पोचत नाही. आपल्याकडे ह्याला ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात. माझ्या लहानपणी आमच्या भागात वडापच्या जीपा चालत. नऊ माणसांच्या जागी सोळा आणि वर कोंबड्या. चढावर जीप खोकून थांबली की ड्रायव्हर खाली उतरे, फिल्टरवरचा बोल्ट सैल करी आणि हातपंप मारू लागे. आधी फेस येई, मग बुडबुडे, मग अखंड धार. बोल्ट आवळला की चला. त्या जीपेतले इंजिन फ्रेंच होते हे मला फार उशिरा कळले! मुंबईच्या महिंद्र कंपनीने १९७९ साली प्यूजोकडून त्याचा परवाना घेतला होता. त्याचे नाव एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर. ४०३ च्याच वंशातले हे इंजिन सह्याद्रीचे घाट चढत होते, आणि त्याच कुळातली ५०४ गाडी नायजेरियातल्या कडुनाच्या कारखान्यात जुळत होती.

१९८२ साली प्यूजोने एक्सयूडी नावाचे नवे इंजिन काढले. पुढल्याच वर्षी ते प्यूजो २०५ आणि सित्रोएन बीएक्स यांच्यात आले आणि डिझेलची गाडी चांगली पळू लागली. ह्यात दातेरी रबरी पट्टा आहे, त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि मालकाचा महिन्याचा पगार जातो. म्हणून तो मुदतीत बदलावयाचा. ह्या ठिकाणी रचनाकाराचे मला कौतुक वाटते. त्याने फ्लायव्हीलमध्ये एक भोक ठेवले, ज्यात आठ मिलिमीटरची साधी सळई बसते. ड्रिलच्या बिटाचा मागचा गुळगुळीत भागही चालतो. वरच्या कॅमशाफ्टच्या चाकात त्याच मापाचा एक बोल्ट, पंपाच्या चाकात दोन. चारही बसले की इंजिन आपल्या जागी, मग जुना पट्टा काढा, नवा चढवा, सळई आणि बोल्ट काढून हाताने दोन फेरे फिरवा, आणि पुन्हा बसतात का पाहा. न बसले तर चावी लावू नका. सळईचे काम खूण दाखवण्याचे आहे. तिच्यावर जोर देऊन मोठा बोल्ट सोडवू पाहणारा ती वाकवून बसतो.

आपल्याकडे १९९४ च्या सुमारास प्रीमियर कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ निघाली, तिलाही दीड लिटरचे फ्रेंच डिझेल इंजिन होते. भागीदारी थोड्याच वर्षांत मोडली आणि गाड्या पोरक्या झाल्या. पण १९९८ मध्ये मारुतीने तेच इंजिन झेनमध्ये आणि एस्टीममध्ये घातले. ३०९ वाल्यांना त्याचा आधार मिळाला असेल.

त्याच १९९८ साली प्यूजोने कॉमन रेल पद्धतीचे इंजिन आणले. जुन्या नोझलला सुमारे १२० बार दाब पुरे होई. येथे १३५० बारपर्यंत गेला. नट ढिला करून चोर पकडण्याची युक्ती येथे जिवावर बेतेल. दुरुस्तीला संगणक लागला, आणि अंगणातला गृहस्थ हळूहळू उठून आत गेला. मला ह्याची हळहळ वाटते. पण धुराची बाजू लपवून हळहळ करणे बरे नव्हे. डिझेलचा धूर कर्करोग करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली दिला, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी शंभरातल्या सुमारे ७३ डिझेलच्या होत्या. स्वस्त डिझेलचा हिशेब पॅरिसच्या मुलांच्या फुप्फुसांत मांडला जात होता.

१ जुलै २०१६ पासून पॅरिसने १९९७ पूर्वी नोंदलेल्या मोटारींना कामाच्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ शहरात मज्जाव केला. मात्र तीस वर्षांहून जुनी गाडी ‘संग्रहातील वाहन’ म्हणून नोंदवली असेल तर तिला सूट होती. त्यामुळे १९९० सालची २०५ वेशीवर अडली, आणि जिच्या मालकाने तेवढा कागद करून घेतला होता ती १९८४ सालची, त्याच इंजिनाची, त्याच धुराची, डौलाने आत गेली.