लोक टीव्हीवर खासगी गोष्टी का सांगतात?

नवऱ्याची मारहाण, सासरचा छळ, लहानपणी झालेला अत्याचार. शेजारणीलाही न सांगितलेलं दुःख काही जण टीव्हीवरच्या टॉक शोमध्ये लाखो लोकांसमोर सांगतात. ‘प्रसिद्धीसाठी’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण कारण एवढंच नसतं.

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेत फिल डोनाह्यू यांनी १९६७ मध्ये ओहायोतल्या डेटन शहरातून दिवसा लागणारा शो सुरू केला. पुढे ऑप्रा विन्फ्रे यांनी तो प्रकार घरोघरी पोहोचवला. आपल्याकडे ६ मे २०१२ पासून आमिर खान यांचा ‘सत्यमेव जयते’ रविवारी सकाळी ११ वाजता लागू लागला. स्टार प्लससोबत तो दूरदर्शनवरही दिसायचा. त्याच्या दुसऱ्याच भागात मोठ्या वयाच्या माणसांनी बालपणी सोसलेले लैंगिक अत्याचार सांगितले.

मग लोक का बोलतात?

पॅट्रिशिया प्रीस्ट यांनी डोनाह्यू यांच्या शोमध्ये गेलेल्या लोकांशी बोलून चार प्रकार मांडले: समाजाचा गैरसमज दूर करू पाहणारे, अन्यायाची दाद मागणारे, झगमगाटाने ओढले गेलेले आणि काहीतरी विकायला आलेले. त्यात पहिल्या प्रकारचे लोक ठळक होते. आपल्यासारख्या इतरांना एकटं वाटू नये, ही त्यांची धडपड होती.

दुसरं कारण म्हणजे अनोळखी माणूस. तो आपल्या भावकीत नसतो, म्हणून त्याच्यापाशी बोलणं सोपं जातं, हे जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच लिहून ठेवलं होतं.

धाराशिवमध्ये काय वेगळं?

मन मोकळं करायच्या जागा इथेही जुन्याच आहेत. मराठवाड्यातल्या बायकांनी सासुरवास जात्यावरच्या ओव्यांत सांगितला. तुळजापुरात भवानीसमोर गाऱ्हाणं मांडलं जातं. पण जातं आणि देवी ऐकलेलं पुढे पाठवत नाहीत. कॅमेरा पाठवतो.

शेतकरी आत्महत्या झालेल्या घरी चॅनेलचा बूम पुढे येतो, तेव्हा बाईट देणाऱ्या पत्नीला कर्ज, मदतीचा अर्ज, मुलांचं शिक्षण यांवर दाद हवी असते. हाच प्रीस्ट यांचा दुसरा प्रकार. मुंबईत गर्दीत हरवता येतं. गावात मात्र दुसऱ्या दिवशी त्याच पारावरून, त्याच किराणा दुकानात जावं लागतं. क्लिप मोबाइलवर फिरत राहते, मुलीच्या लग्नाच्या बोलणीतही निघते. त्यामुळे इथे बोलण्याची किंमत जास्त असते.

बघणाऱ्यांनी काय करावं?

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पीडित बालक असेल तर ‘पॉक्सो’ कायदाही लागतो. इतर प्रकरणांत कायदा आड येत नसला, तरी ती बाई एका कार्यक्रमात बोलली म्हणजे तिचं दुःख प्रत्येक ग्रुपवर टाकायची परवानगी मिळाली, असं होत नाही. ती बोलली ती कुणीतरी ऐकावं म्हणून.